पाळीच्या आधीचा आठवडा आणि मेडिकलचं काउंटर

"पाळीची गोळी द्या" म्हटलं की आमच्या नाक्यावरचे मेडिकलवाले काका काही न विचारता स्ट्रिप कात्रीने कापतात आणि दोन गोळ्या पुडीत घालून देतात. कापण्यात नाव अर्धं जातं, एक्सपायरीची तारीख हमखास दुकानातच राहते. एकदा अख्खी स्ट्रिप मागून घेतली आणि वाचली. मेफेनॅमिक ॲसिड 250 मिलिग्रॅम, डायसायक्लोमिन 10 मिलिग्रॅम, कोपऱ्यात आरएक्सची खूण. म्हणजे हे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही! नोव्हेंबर 2023 मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशन या सरकारी औषध-संस्थेने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधगिरीची सूचनाही काढली होती. क्वचित, पण गंभीर रिॲक्शन येऊ शकते म्हणून. अंगावर पुरळ, ताप वगैरे.

तशीही ती गोळी माझ्या कामाची नव्हती. ती पाळीतल्या कळांसाठी. माझा त्रास आधीच्या आठवड्यातला: छाती जड, पोट फुगून सलवारीची नाडी काचायला लागायची, आणि चिडचिड तर अशी की घरातले बोलायच्या आधी माझं तोंड बघायचे. पाळी आली की एक-दोन दिवसांत सगळं गायब.

गायनॅक बाईंनी लगेच औषध दिलं नाही. "दोन महिने रोज लिहून ठेवा, मग बघू," म्हणाल्या. वेगळी वही कोण करणार? स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारीच खुणा सुरू केल्या. चिडचिडीला 'चि', पोटाला 'पो', डोक्याला 'डो'. सासूबाईंनी विचारलंच, "हे 'चि' काय गं? त्या दिवशी चितळ्यांचं दूध आलं होतं का?" पण दोन महिन्यांनी पान बघितल्यावर समजावून सांगायची गरज उरली नाही. सगळे 'चि' पाळीच्या आधी गोळा झालेले, नंतरच्या चौकटी कोऱ्या.

बाईंनी सुचवलं ते साधं कॅल्शियम, विनाचिठ्ठी मिळणारं. अमेरिकेत 1998 साली झालेल्या एका मोठ्या चाचणीत रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्यांचा त्रास तिसऱ्या चक्रापर्यंत जवळपास निम्मा झाला होता. औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीनेही 30 टक्के उतार पडला होता, हेही त्यांनी हसत सांगितलं. मला हा प्रामाणिकपणा आवडला. डब्यावर 1250 लिहिलेलं असतं ते कॅल्शियम कार्बोनेट. त्यातलं खरं कॅल्शियम 500. म्हणून दोन वेळा एकेक गोळी, बाकीचं दूध-दह्यातून. गोळी जेवणानंतरच, आणि लोहाच्या गोळीबरोबर नाही, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही. मूतखड्याचा त्रास असेल तर आधी विचारायचं.

डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल. बी-6 जीवनसत्त्वाची गोळीही मिळते, पण भरमसाट डोस बरेच महिने घेतला तर नसांना इजा होऊन हातापायांना मुंग्या येतात, म्हणून मी ती घेतली नाही. ईव्हनिंग प्रिमरोझच्या (एका फुलझाडाच्या बियांच्या तेलाच्या) महागड्या कॅप्सुलांचा पुरावा तोकडा आहे. काका मात्र त्या हौसेने पुढे करतात.

पहिल्या महिन्यात ढिम्म फरक नव्हता. पुढे छातीचं जडपण आणि पोट बरंच आटोक्यात आलं. 'चि' कमी झाले, संपले नाहीत. त्यावर बाई म्हणाल्या, चिडचिडीने काम अडायला लागलं किंवा जीव नकोसा वाटला, तर मेडिकलमध्ये काही शोधत बसू नका, थेट इकडे या. त्याची औषधं वेगळी असतात.