मुंबई ते न्यूयॉर्क : अंतराचा आणि घड्याळाचा हिशेब

मुलाकडे न्यू जर्सीला जायचे ठरले तेव्हा तिकिटाच्या दरापेक्षा मला प्रवासाच्या लांबीची अधिक काळजी होती, कारण पत्नीच्या गुडघ्यांना फार वेळ बसणे सोसत नाही. भूगोल शिकवण्यात हयात गेलेली असल्यामुळे मी आधी पृथ्वीगोल काढला आणि मुंबई व न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरला. सपाट नकाशात ही शहरे अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून जोडली जातील असे वाटते. गोलावरचा दोरा मात्र सिंध, अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया असा उत्तरेकडे चढत नॉर्वे-स्वीडनवरून आइसलँडला पोहोचतो आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून अमेरिकेकडे उतरतो. या मार्गाने अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर भरते, तर होकायंत्राची दिशा न बदलता गेल्यास ते १४,२०० किलोमीटरच्या आसपास जाते.

अर्थात विमान दोऱ्यावरून जातेच असे नाही. रशियाचे आकाश २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झाले, पाकिस्तानचे एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना. त्यामुळे कोणत्या देशाची कंपनी आहे यावर वळसा आणि वेळ ठरतो. थेट विमानाला जाताना साधारण सोळा तास लागतात, येताना त्याहून कमी, कारण अटलांटिकवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह पाठीशी असतो.

मग मी थांब्यांचे पर्याय मोजले, आणि इथे खरी गंमत आहे. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन-न्यूयॉर्क सुमारे ५,५५० किलोमीटर, म्हणजे एकूण अंतर थेट मार्गापेक्षा जेमतेम दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरने वाढते. दुबईमार्गेही ते फार वाढत नाही, परंतु तिथे पहिला टप्पा तीन-साडेतीन तासांत संपतो आणि पुढे जवळजवळ चौदा तासांची बैठक शिल्लक राहते. लंडनमुळे प्रवासाचे बरेचसे समान दोन भाग पडत होते, म्हणून थोडे अधिक पैसे मोजून आम्ही तोच मार्ग घेतला.

तिकिटावर मुंबईहून दुपारी १ वाजता प्रस्थान आणि त्याच तारखेला रात्री १०.५० वाजता न्यूयॉर्कला आगमन असे छापले होते. शेजाऱ्यांना तो दहा तासांचा प्रवास वाटला! उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते (हिवाळ्यात साडेदहा), म्हणून रात्रीचे १०.५० म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ८.२०, आणि एकूण प्रवास १९ तास २० मिनिटांचा. त्यांपैकी साडेनऊ तास लंडनपर्यंत, दोन तास थांबा आणि उरलेले अटलांटिकवर.

हा हिशेब मी एका कागदावर भारतीय वेळेनेच मांडला. आमच्या डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या प्रवासभर भारतीय घड्याळाप्रमाणे घ्यायला सांगितल्या होत्या, त्यामुळे मनगटावरचे घड्याळ मी न्यूयॉर्कला उतरेपर्यंत बदलले नाही. लंडनला विमानतळावर व्हीलचेअर आधी सांगून ठेवलेली होती; पत्नीने ती सुरक्षा तपासणीपुरतीच वापरली आणि पुढच्या गेटपर्यंत ती पायी चालत आली.