जेलमध्ये गाता, मग त्यांच्या दारात का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. लग्नात विचारता, रिक्षा स्टँडवर विचारता, चर्चच्या पायरीवर पण विचारता, की सोलापुरात एवढी गांजलेली माणसं असताना पेटी-ढोलकी घेऊन जेलातच का जाता, त्या लोकांनी ज्यांना मारलं, लुटलं त्यांच्या दारात कधी गायलात का. आणि यातल्या निम्म्यांना खरं तर वेगळंच विचारायचं असतं, धर्मांतर करायलाच जाता ना?

तर आधी तेच. हो, ख्रिस्ताचं नाव त्यांच्या कानावर पडावं म्हणूनच जातो, नाहीतर सिनेमाची गाणी म्हटली असती की. पण आमिष म्हणाल तर आम्हाला आत बिस्किटाचा पुडा पण नेता येत नाही. गाण्यांची यादी आधी द्यायची, गेटवर अंगझडती, एकदा तर टाळांची दोरीच काढून घेतली, दोरी आत चालत नाही म्हणून, मग ते टाळ बोटांच्या चिमटीत धरून वाजवले, नाद कसला, नुसती खटखट.

टोचतं ते दुसरंच. चौकात गायलो आणि नाही आवडलं तर माणूस चालायला लागतो, बराकीतला कुठं जाणार? पूर्वी आत कुणी डोळे पुसले की मी रविवारी चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायचो, प्रभूनं काम केलं म्हणून. आता तेवढं छातीठोक सांगवत नाही, आईवरचं कुठलंही गाणं लावा, तिथं रडू येतंच. पाळक, म्हणजे आमचे चर्चचे धर्मगुरू, मला बायबलातल्या पौल आणि सीलाचं उदाहरण देतात, तुरुंगात मध्यरात्री गायले, भूकंप झाला, दारं उघडली. बरोबर आहे, पण दारं उघडूनही कुणी पळालं नाही आणि जीव वाचला तो जेलरचा, तो तलवार उपसून स्वतःलाच मारायला निघाला होता, हे कुणी पुढे सांगत नाही.

आता जेलमधल्या एका दिवसाचं. आमची बरीच गाणी ओवी-अभंगाच्या चालीची, कवी ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले पण अभंग काही त्यांनी सोडला नाही, त्यामुळं दिंडीत चाललेला माणूस आत असला की दुसऱ्या वेळेलाच ध्रुपद उचलतो. आम्ही बायबलातल्या उधळ्या पुत्राचं गाणं घेतलं होतं, आमचंच बांधलेलं. पोरगा परत येतो, बाप धावत जाऊन मिठी मारतो, जेवणावळ, थोरला भाऊ रागानं बाहेर. संपल्यावर मागनं एक पन्नाशीचा माणूस उठला.

"मास्तर, थोरल्याचं काय झालं?"

मी म्हटलं, कोण थोरला?

"भाऊ की त्याचा. बाहेर उभारलाय म्हणलाव न्हवं? जेवायला आत आला का?"

बायबलात लूकच्या 15 व्या अध्यायात ते लिहिलेलंच नाही. बाप बाहेर येऊन त्याला समजावतो आणि गोष्ट तिथंच थांबते. तसं मी सांगितलं.

"मग अर्धंच गाणं म्हणू लालाव की."

दोघं-तिघं हसले, तो नाही हसला. शेजारचा हळूच म्हणाला, बांधावरून भांडण, कुऱ्हाड चालली, सख्ख्या थोरल्या भावाचा हात गेला, फिर्यादी पण तोच. बाप थोरल्याकडेच राहतो, मुलाखतीला येत नाही. म्हणजे ह्याच्या घरी गोष्ट उलटीच, बाप आत थोरल्याबरोबर आणि हा बाहेर! मला काहीतरी बोलायचं होतं, पण बंदीची वेळ झाली, शिट्टी वाजली, सगळे रांगेत.

कच्चा कैदी होता तो, निकाल लागलेला नव्हता. देशातल्या जेलांत 2022 च्या सरकारी आकड्यांत 75 टक्क्यांच्या वर असेच होते, म्हणून "त्या लोकांनी मारलं" म्हणताना जरा दमानं घ्या. पण हात तर गेलाच ना कुणाचा तरी, हेही मला कळतं. त्या थोरल्याच्या दारात ढोलकी घेऊन जाऊ? काय म्हणू, माफ कर? कुत्रं सोडेल अंगावर, आणि बरोबरच करेल.

त्या गाण्याला पुढचं कडवं जोडायला बसलो होतो. थोरला आत आला असं लिहिलं तर पाळक म्हणाले, शास्त्रात नाही ते घालू नका. आला नाही असं लिहिलं तर ढोलकीवाला म्हणतो, हे आत जाऊन कुणाला ऐकवायचं? त्याचं म्हणणं, यादीतनं ते गाणंच काढा. मी म्हणतो, आहे तसं अर्धंच म्हणू. परवानगीचा अर्ज परत टाकलाय, यादीवर अजून भांडतोय.