आधी प्रेशर मोजा, मग पार्ट बदला : पिकअपच्या फ्युएल पंपाचा माझा अनुभव

गाडी पेट्रोल इंजेक्शनवाली पिकअप. सकाळी थंड असताना पहिल्या सेल्फला चालू व्हायची, रिकामी असली तर काही तक्रारच नाही. पण माल भरून चढ लागला की झटके मारायला सुरुवात, अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला तरी गाडी ओढायची नाही, आणि गरम गाडी बंद करून जरा वेळाने परत चालू करायला जावं तर नुसता सेल्फ फिरतोय. अर्धा पाऊण तास थांबलं की मग चालू, काही झालंच नाही अशी.

गॅरेजला गाडी पोचेपर्यंत ती थंड झालेली असायची आणि तिथे नेमकी गुणी बाळासारखी चालायची. स्कॅनर लावला, कोड आला पी०१७१. त्याचा अर्थ एवढाच की इंजिनला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. आता पेट्रोल कमी का पडतंय हे शोधायचं की नाही? तर नाही, ऑक्सिजन सेन्सर बदलला. अहो तो सेन्सर फक्त सांगतोय की पेट्रोल कमी आहे, त्याला बदलून पेट्रोल वाढणार आहे का? फरक शून्य. मग प्लग, मग थ्रॉटल बॉडी साफ, मग "इंजेक्टर सर्व्हिस करून बघू". दर वेळी मी म्हणायचो, एकदा गेज (प्रेशर मोजायचा मीटर) लावून पेट्रोलचं प्रेशर बघा, आणि दर वेळी एकच उत्तर, "साहेब, पंप गेला असता तर गाडी चालूच झाली नसती."

या वाक्याचा मला अजून राग येतो, कारण ते अर्धंच खरं आहे. टाकीत बसलेला आणि इंजिनला पेट्रोल ढकलणारा हा पंप एका दिवसात मरतोच असं नाही. आतल्या मोटरचे ब्रश झिजले की पंप फिरतो, घूं आवाजही येतो, आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) लागेल तेवढं पेट्रोलही देतो, पण गरम झाला आणि मागणी वाढली की दमतो. म्हणून "चावी ऑन केल्यावर दोन सेकंद आवाज येतोय म्हणजे पंप चांगला" हेही ऐकून घेऊ नका, आवाज म्हणजे मोटर फिरतेय एवढंच, प्रेशर किती आहे ते त्यातून कळत नाही.

शेवटी गेज मीच मिळवला. फ्युएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी) टायरच्या व्हॉल्व्हसारखा एक छोटा व्हॉल्व्ह असतो (काही गाड्यांना नसतो, तिथे लाइनमध्ये टी जोडावा लागतो), त्यावर गेज बसतो. जोडताना फडकं धरा आणि डोळ्यांना चष्मा लावा, पेट्रोल उडतं. साधारण अशा इंजिनांना ४० ते ६० पीएसआय (प्रेशरचं माप) लागतं पण आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या. गाडी थंड होती तेव्हा ५२, एकदम बरोबर. म्हणूनच उभ्या गाडीवर मोजून उपयोग नाही. गेजचा पाइप बॉनेटच्या फटीतून काढला, गेज काचेच्या बाहेर वायपरखाली पक्का बांधला (केबिनमध्ये अजिबात आणू नका, गळला तर जीवावर बेतेल), माल भरला आणि मित्राला शेजारी बसवून चढावर नेली. गाडी तापली आणि काटा ५० वरून खाली यायला लागला, ४५, ४०, आणि ३० च्या खाली गेला त्याच क्षणी पहिला झटका. मित्राने व्हिडिओ काढला. तो दाखवल्यावर गॅरेजमध्ये कोणी काही बोललं नाही, आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू, इतके दिवस मी हेच तर सांगत होतो.

तरी लगेच पंप घेऊ नका, आधी करंट बघा. फ्यूज, रिले (पंपाला करंट देणारा स्विच, शेजारी त्याच नंबरचा दुसरा असेल तर अदलाबदल करून बघता येतो) आणि पंप चालू असताना त्याच्या कपलरवर (वायर जोडायचा प्लग) मल्टीमीटर. बॅटरीएवढे व्होल्ट पंपापर्यंत पोचत नसतील तर दोष वायरिंगचा किंवा अर्थचा, नवा पंपही तसाच रडेल. फिल्टर तुंबलाय का तेही. माझ्याकडे व्होल्ट पूर्ण होते, फिल्टर नवा होता, म्हणजे पंपच.

बदलायचं काम त्यामानाने सरळ झालं. टाकी खाली उतरवण्यापेक्षा हौदा उचलणं मला सोपं वाटलं, ६० लिटर पेट्रोलचंच वजन ४५ किलोच्या आसपास भरतं. हौद्याचे बोल्ट, पेट्रोल भरायच्या नळीचे स्क्रू, टेललाइटचं कपलर काढलं आणि चौघांनी मिळून हौदा मागे सरकवला. त्याआधी रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं, मग बॅटरीची निगेटिव्ह काढली. काम उघड्यावरच, अग्निशामक हाताशी. पंप टाकीत धरून ठेवणारी लॉक रिंग लाकडाच्या किंवा पितळेच्या तुकड्याने ठोकायची, लोखंडाने ठिणगी पडते. आणि रिंग उघडायच्या आधी वरची सगळी माती ब्रशने झाडून घ्या, नाहीतर ती थेट टाकीत. जुन्या पंपाची एक पिन तपकिरी पडली होती, भोवतीचं प्लास्टिक मऊ होऊन फुगलेलं. झिजलेला पंप जास्त करंट ओढतो, त्याचा तो परिणाम. म्हणून त्या पिनेवर बसणारं वायरचं कपलरही नवीन टाकलं, ओ-रिंग (गळती रोखणारं रबरी वायसर) तर नवीच हवी.

बसवल्यावर लगेच सेल्फ मारू नका, चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा, लाइन भरते आणि कुठे गळत असेल तर दिसतं. नंतर तोच चढ, तेवढाच माल, काटा ५० च्या खाली आला नाही.

एक सांगायचं राहिलं. वाटेत अडकलात तर एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने रबरी हातोडीने टाकीच्या बुडाला हलके ठोके द्यायचे, ब्रश झिजलेला पंप बऱ्याचदा त्याने फिरतो आणि गाडी घरापर्यंत येते. आणि टाकी पाव भागाच्या खाली नेऊ नका, पंप आतल्या पेट्रोलनेच थंड राहतो.