कोल्न : टायटॅनिकच्या वादकप्रमुखाच्या गावी

प्रेस्टनहून निघालेली गाडी इंग्लंडच्या पूर्व लँकेशरमधील जुन्या कापडगिरण्यांच्या गावांतून कोल्नला पोहोचते आणि लोहमार्ग तिथेच संपतो. टायटॅनिकच्या वाद्यवृंदाचा प्रमुख वॉलेस हार्टली इथला. आल्बर्ट रोडवर लोकवर्गणीतून उभारलेला त्याचा अर्धपुतळा आहे. त्याखालच्या मजकुरात त्याच्या शौर्याचा गौरव आहे, तो योग्यच. पण मला ओढ होती ती त्याच्या रोजच्या कामाची.

ते काम कष्टाचे होते. टायटॅनिकची मालक कंपनी व्हाइट स्टार लाइन हिच्या पुस्तिकेत ३५२ रचना क्रमवार छापलेल्या असत. प्रवाशाने केवळ क्रमांक सांगावा आणि वादकांनी ती रचना वाजवावी, अशी अपेक्षा असे. टायटॅनिकवर आठ वादक होते : पाच जणांचा एक संच आणि तिघांचा दुसरा. हार्टली त्याआधी क्युनार्ड कंपनीच्या मॉरेटानिया जहाजावर वाजवत असे, म्हणजे हा व्यवसाय त्याच्या अंगवळणी पडलेला होता. मात्र लिव्हरपूलच्या ब्लॅक एजन्सीने जहाजांवर वादक पुरवण्याचा मक्ता घेतल्यावर महिना साडेसहा पौंडांचा पगार चार पौंडांवर आला. आठही जण दुसऱ्या वर्गाच्या एकाच तिकिटावर प्रवास करत होते. खलाशांच्या पटावर त्यांची नावे नव्हती. परिणामी त्यांच्या मृत्यूनंतर नुकसानभरपाई मागणाऱ्या कुटुंबीयांना, हे कंपनीचे कामगारच नव्हते, असे उत्तर मिळाले आणि न्यायालयातही त्यांच्या पदरी निराशाच पडली. हे वाचताना आजही संताप येतो.

गावाच्या दफनभूमीत हार्टलीची समाधी आहे. १८ मे १९१२ रोजी त्याच्या अंत्ययात्रेसाठी रस्त्याच्या दुतर्फा तीस ते चाळीस हजार लोक उभे होते, असा अंदाज सांगितला जातो. समाधीच्या पायथ्याशी दगडात कोरलेले व्हायोलिन आणि एका स्तोत्राच्या सुरुवातीच्या स्वरलिपीच्या ओळी जवळून पाहता येतात. अखेरच्या क्षणी नेमके काय वाजवले गेले याविषयी वाचलेल्या प्रवाशांच्या साक्षी जुळत नाहीत. कोल्नकरांनी मात्र आपला कौल दगडावर कोरून ठेवला आहे.

कोल्नला जाणाऱ्याने लिव्हरपूलचे फिलहार्मोनिक हॉलही अवश्य पाहावे. तिथल्या स्मृतिफलकावर हार्टलीबरोबर उरलेल्या सात जणांचीही नावे आहेत.