शिवारातलं पडकं जीन

चोपड्याहून येताना आज एका पडक्या जीनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या जुन्या कारखान्यात शिरलो. छप्पर कधीच गेलंय, आत निंब-बाभळींचं रान. धुराडं तेवढं ताठ उभं. बॉयलर गंजून लालभडक झालाय, त्याच्या पोटात होले घुमतायत. रिव्हेट मात्र एकही ढिला नाही.

१८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडातल्या मँचेस्टरच्या कापडगिरण्यांना आपलं खान्देश आठवलं. रेल्वे आली, पुढे गावोगाव जीन-प्रेस उभे राहिले. सरकी वेगळी, रुई वेगळी, मग दाबून गठाण, थेट मुंबईला. कापूस आमचा, भाव लिव्हरपूलचा! (आजही भाव कुठे आपल्या हातात आहे म्हणा.)

बराच वेळ निवांत बसलो. भोंग्याच्या जागी आता कोतवाल पक्षी ओरडतो.

जाणार असाल तर बूट घाला, बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो.