फाउंडेशन उलटसुलट: पाचवं पुस्तक संपलं

काल रात्री ‘सेकंड फाउंडेशन’ संपलं. आयझॅक असिमोव्हच्या ‘फाउंडेशन’ या विज्ञानकथांच्या मालिकेतलं हे माझं पाचवं पुस्तक. आतापर्यंतचा क्रम असा झालाय: आधी ‘फाउंडेशन अँड एम्पायर’, मग ‘प्रील्यूड टू फाउंडेशन’, मग मूळ ‘फाउंडेशन’, त्यानंतर ‘फाउंडेशन्स एज’ आणि आता हे. अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांत जे हाताला लागलं, ते घेत गेलो. “पहिला भाग नाहीये, दुसरा आहे. पहिला आला की बाजूला ठेवतो, पण हा आज न्या, उद्या राहायचा नाही,” असं दुकानातले काका म्हणाले आणि तिथून सुरुवात झाली.

नव्यांसाठी थोडक्यात: आकाशगंगेभर पसरलेलं साम्राज्य ढासळणार आहे, हे हॅरी सेल्डन या गणितीला कळतं. त्याचं शास्त्र, म्हणजे सायकोहिस्टरी, अफाट लोकसंख्येचं पुढचं वागणं सांगतं. एकट्यादुकट्या माणसाबद्दल मात्र काही सांगू शकत नाही. पुढे येणारं 30,000 वर्षांचं अंधारयुग 1,000 वर्षांवर आणायचं म्हणून तो टर्मिनस नावाच्या पार कडेच्या ग्रहावर ‘फाउंडेशन’ नावाची एक वसाहत उभी करतो, वरकरणी ज्ञानकोश लिहून काढण्यासाठी. आता पुढे कथानक थोडं फुटणार आहे. ज्यांना कोरं वाचायचंय त्यांनी इथेच थांबावं.

सेल्डन मरून गेल्यावरही ठरावीक संकटांच्या वेळी त्याची आधी नोंदवून ठेवलेली प्रतिमा टर्मिनसवरच्या एका दालनात प्रकट होते. ‘फाउंडेशन अँड एम्पायर’मध्ये सगळे मोठे लोक तिथे जमलेत, म्यूल नावाचा विजेता दाराशी येऊन ठेपलाय, आणि सेल्डन शांतपणे बोलू लागतो ते व्यापाऱ्यांशी होणाऱ्या यादवीबद्दल. म्यूलचं नावसुद्धा नाही! ऐकणाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकते. मी मालिकेत शिरलो तो याच प्रसंगातून, म्हणजे सेल्डन माझ्यासमोर पहिल्यांदा आला तोच चुकलेला. क्रमाने वाचणाऱ्यांना इथे जो हादरा बसतो, तो मला बसला नाही, हे खरं.

पण नंतर मूळ ‘फाउंडेशन’ हातात आलं. वसाहतीला 50 वर्षं झालेली. काचेच्या कक्षात चाकाच्या खुर्चीत बसलेला म्हातारा मांडीवरचं पुस्तक मिटतो, त्यावरून उगीच बोटं फिरवतो, हसतो आणि आपलं नाव सांगतो. मग ज्ञानकोश वगैरे सगळा बनाव होता, हे तो थंडपणे सांगून टाकतो. तिथे मी पुस्तक खाली ठेवलं. इतक्या खात्रीने बोलणाऱ्या या माणसाचा हिशेब एक दिवस कोलमडणार आहे, हे मला माहीत होतं आणि त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. तो प्रसंग मला करुण वाटला. क्रमाने वाचणाऱ्याला तो तसा वाटायचं कारण नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: ही मालिका उलटसुलट वाचली की वाचक सेल्डनच्या खुर्चीत जाऊन बसतो. टर्मिनस तगणार, साम्राज्य जाणार, हा मोठा प्रवाह आपल्याला ठाऊक असतो. टर्मिनसचा महापौर सॅल्व्हर हार्डिन किंवा व्यापारी होबर मॅलो त्यातून नेमकी वाट कशी काढतात, ते मात्र ठाऊक नसतं. त्यामुळे त्यांच्या एकेका खेळीकडे जास्त लक्ष जातं.

आणि हा क्रम लेखकाकडूनही सरळ आलेला नाही. 1941 मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतून संपादक जॉन कॅम्पबेलकडे जाताना असिमोव्हला ही कल्पना सुचली आणि 1942 पासून ‘अस्टाउंडिंग’ मासिकात कथा येऊ लागल्या. 1951 मध्ये पहिलं पुस्तक निघालं तेव्हा त्याच्या सुरुवातीचा भाग, तरुण गणिती गाल डॉर्निक साम्राज्याच्या राजधानीच्या ग्रहावर, ट्रँटरवर, उतरतो तो, नव्याने लिहून जोडला गेला. म्हणजे पहिल्या पानापासून वाचणारासुद्धा मूळ तीन पुस्तकांमधलं (‘फाउंडेशन’, ‘फाउंडेशन अँड एम्पायर’, ‘सेकंड फाउंडेशन’) सगळ्यात शेवटी लिहिलेलं प्रकरण आधी वाचतो! 1953 मध्ये तिसरं पुस्तक आलं, त्यानंतर पुढची कादंबरी (‘एज’) यायला 1982 साल उजाडलं, आणि ‘प्रील्यूड’ आलं 1988 मध्ये.

‘प्रील्यूड’बद्दल माझं मत ठाम आहे: ते आधी वाचू नये. स्वतः असिमोव्हनी त्याच्या सुरुवातीला आपल्या 14 पुस्तकांची यादी कथेतल्या काळानुसार दिलीय. तिच्यात ते मूळ ‘फाउंडेशन’च्या आधी येतं. वाचायला मात्र ते नंतरच घ्यावं. त्यात सेल्डन 32 वर्षांचा आहे, ट्रँटरवर परिषदेत निबंध वाचायला आलेला आणि मग जीव मुठीत धरून एका विभागातून दुसऱ्यात पळणारा. दालनातला तो म्हातारा आधी मनात ठसलेला असेल, तरच या पळापळीला वजन येतं. मी ते दुसरं वाचलं, म्हणून निभावलं.

खरं नुकसान झालं ते ‘एज’मुळे. सेल्डनने गुपचूप उभारलेलं दुसरं फाउंडेशन कुठे आहे, हे ‘सेकंड फाउंडेशन’मधलं मुख्य कोडं. ‘एज’ ते उत्तर गृहीत धरूनच सुरू होतं. तेव्हा या दोघांची अदलाबदल करू नका, एवढं कळकळीने सांगतो. कोडं सुटलेलं असल्यामुळे माझं सगळं लक्ष आर्केडी डॅरेलवर राहिलं. 14 वर्षांची ही मुलगी आपण बोललेलं सुंदर वळणदार अक्षरात उतरवणाऱ्या यंत्रावर गृहपाठाचा निबंध सांगत असते. हे 1949 च्या सुमारास लिहिलेलं! वनाझहून रामवाडीकडे जाणाऱ्या मेट्रोत ती पानं वाचताना शेजारचे गृहस्थ फोनला बोलून निरोप लिहवत होते. आर्केडीच्या यंत्राचं अक्षर जास्त चांगलं असणार.

पुढचं ‘फाउंडेशन अँड अर्थ’ घरी येऊन पडलंय, पण ते इतक्यात उघडणार नाही. त्याचा धागा रोबोंच्या कादंबऱ्यांकडे जातो असं जाणकारांनी बजावलंय, म्हणून आधी ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ घेतलंय. त्याच्या पुढच्या ‘द नेकेड सन’ची जुनी प्रत कुणाकडे जास्तीची असेल तर कळवा, बदल्यात ‘प्रील्यूड’ देईन, मात्र आधी मूळ तीन वाचून झाली असतील तरच.