तुम्ही विचारलंत म्हणून: कनेक्टिव्हिझम ही अध्ययन उपपत्ती आहे का?

बी.एड.चे विद्यार्थी हा प्रश्न विचारतात तेव्हा बहुतेकांच्या वहीत अध्ययन उपपत्तींचा, म्हणजे माणूस कसा शिकतो हे सांगणाऱ्या सिद्धांतांचा, एक तक्ता असतोच: वर्तनवाद, बोधात्मकवाद, ज्ञानरचनावाद आणि चौथ्या रकान्यात कनेक्टिव्हिझम. हा शेवटचा रकाना ठेवायचा की खोडायचा, एवढंच त्यांना हवं असतं. माझ्या मते तो या तक्त्यातून काढावा, पण फेकून देऊ नये. माणूस शिकतो म्हणजे नेमकं काय घडतं, हे कनेक्टिव्हिझम सांगत नाही. पुष्कळ माणसं एकमेकांशी जोडलेली असताना शिकण्याची व्यवस्था कशी लावावी, हे मात्र तो बऱ्यापैकी सांगतो. (मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकचा उद्दीपक-प्रतिसाद बंधांचा ‘कनेक्शनिझम’ हा निराळा विषय, फक्त नाव सारखं. उत्तरपत्रिकेत दोन्हींची सरमिसळ हमखास होते.)

कनेक्टिव्हिझम मांडणारा जॉर्ज सीमेन्सचा मूळ लेख २००४च्या अखेरीस इंटरनेटवर आला आणि २००५मध्ये नियतकालिकात छापला गेला. ‘डिजिटल युगासाठीची अध्ययन उपपत्ती’ हा दावा त्याच्या शीर्षकातच आहे. सीमेन्सचं म्हणणं असं: ज्ञान झपाट्याने जुनं होतं, एका डोक्यात मावत नाही आणि माणसं, डेटाबेस, यंत्रं यांत विखुरलेलं असतं. तेव्हा ‘काय’ आणि ‘कसं’ यांच्या जोडीला ‘कुठे मिळेल’ हेही ठाऊक हवं. त्याने आठ तत्त्वं मांडली. शिकणं माणसाबाहेरच्या उपकरणांतही असू शकतं, हे त्यांतलं सर्वांत वादग्रस्त. या मांडणीचा दुसरा प्रवर्तक स्टीफन डाउन्सने आणखी पुढे जाऊन म्हटलं की ज्ञान जोडण्यांच्या जाळ्यात पसरलेलं असतं आणि शिकणं म्हणजे ती जाळी उभारणं व त्यांतून वावरता येणं.

डच शिक्षणतज्ज्ञ प्लॉन व्हेरहाखेनने २००६मध्ये घेतलेला आक्षेप मला अजूनही नेमका वाटतो. काय शिकावं आणि का शिकावं, हा अभ्यासक्रमाचा प्रश्न झाला. उपपत्तीने शिकणं कसं घडतं ते सांगायला हवं. शिवाय ज्ञान माणसामाणसांत आणि साधनांत वाटलेलं असतं, ही कल्पना मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीच्या परंपरेत आणि बोधशास्त्रज्ञ एडविन हचिन्सच्या १९९०च्या दशकातल्या कामात आधीपासून आहे. इंटरनेट नवं आहे, म्हणून मेंदूचं काम नवं ठरत नाही.

खरी अडचण उदाहरणातच कळते. आठवीतली मुलगी चंद्राच्या कला कशामुळे होतात ते शोधते. पृथ्वीची सावली पडते म्हणून, असं सांगणारी पानं सापडतात आणि प्रकाशित अर्ध्या भागाचा किती हिस्सा आपल्याला दिसतो त्यावर कला ठरते, असं सांगणारीही सापडतात. दोन्ही जोडण्या तिच्या हाताशी आहेत. बरोबर कोणती, हे तिने कशावरून ठरवायचं? शुद्ध अष्टमीला सूर्य मावळताना अर्धा चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो. पृथ्वीची सावली मात्र सूर्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे त्या वेळी पूर्वेकडे पडते. ती चंद्रापर्यंत पोचूच शकत नाही. ही विसंगती तिच्या ध्यानात आली, तर चुकीचं पान गळून पडेल. त्यासाठी सूर्य, चंद्र आणि सावली यांची मांडणी आधी तिच्या डोक्यात हवी. जाळ्यातला आकृतिबंध ओळखणं म्हणजे शिकणं, असं कनेक्टिव्हिझम म्हणतो. पण जो आकृतिबंध अजून माहीतच नाही, तो ओळखायचा कसा? क्लारा आणि बार्बेरा या संशोधकांनी २०१३मध्ये याच कोड्यावर बोट ठेवलं. संकल्पना मनात हळूहळू कशी बदलत जाते, याचंही उत्तर या मांडणीत मिळत नाही, असं त्यांनी दाखवलं. मला याला समाधानकारक प्रत्युत्तर अजून वाचायला मिळालेलं नाही.

तरी रकाना फेकू नका म्हणतो, ते २००८च्या प्रयोगामुळे. सीमेन्स आणि डाउन्सने कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातर्फे याच विषयावर बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम चालवला. शुल्क भरलेले सुमारे २५ विद्यार्थी आणि फुकट सामील झालेले दोन हजारांहून अधिक. ‘मूक’ (MOOC, म्हणजे हजारोंना खुला असलेला ऑनलाइन अभ्यासक्रम) हा शब्द याच अभ्यासक्रमाच्या निमित्ताने आला. सगळ्यांना एका जागी कोंडलेलं नव्हतं. जो तो आपापल्या ब्लॉगवर लिहायचा आणि रोजच्या वार्तापत्रात ते दुवे एकत्र यायचे. अशा अभ्यासक्रमासाठी डाउन्सने सांगितलेले टप्पे चार: दुवे गोळा करणं, त्यांची आपापसांत सांगड घालणं, त्यांतून स्वतःचं काही घडवणं आणि ते पुढे पाठवणं. सगळं वाचायची सक्ती नाही, निवडून वाचायचं.

हे चालतं कोणासाठी? ज्यांना विषयाचा पाया आहे त्यांच्यासाठी. या अभ्यासक्रमाचा अभ्यास करून मॅकनेस, मॅक आणि विल्यम्स यांनी २०१०मध्ये लिहिलं की स्वायत्तता, वैविध्य, मोकळेपणा आणि जोडलेपण जितकं वाढतं, तितकी रचना आणि आधार यांची उणीव शिकण्याच्या आड येऊ शकते. नवखा माणूस दुव्यांच्या पुरात गांगरतो आणि गप्प बसतो, नाहीतर ओळखीच्या चार जणांचा कोपरा धरतो.

आपल्याकडे शिक्षकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट दाखवून ‘हेच कनेक्टिव्हिझम’ म्हणतात. ते बरोबर नाही. डाउन्स गट आणि जाळं यांत फरक करतो आणि शिक्षकांचा हा प्रकार गटच ठरतो, जाळं नाही. सगळे एकाच तालुक्यातले, त्यामुळे वैविध्य नाही. दार अ‍ॅडमिनच्या हातात, म्हणून मोकळेपणा नाही. फॉरवर्डाला लेखक नसतो, त्यामुळे प्रश्न विचारायचा कोणाला? आणि मागच्या महिन्यातली चांगली चर्चा शुभेच्छांखाली गाडली जाते.

तीस शिक्षकांसाठी आठ आठवड्यांचं काही आखायचं असेल, तर पहिले दोन आठवडे जाळं विसरा. तीन समान लेख द्या, समोरासमोर चर्चा घ्या, मूळ संकल्पना पक्क्या करा. तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येकाने आपल्या नावाच्या सार्वजनिक पानावर आठवड्याला दीडशे-दोनशे शब्द लिहावेत आणि दोन जणांच्या लेखनावर प्रतिसाद द्यावा, त्यांतला एक आपल्या जिल्ह्याबाहेरचा. समन्वयकाने रोज पाच-सहा दुवे निवडून पाठवावेत, त्याहून जास्त नकोत. पाचव्या आठवड्याच्या सुमारास कोण कोणाला प्रतिसाद देतं त्याच्या रेघा कागदावर काढा. बहुतेक रेघा समन्वयकाकडेच जात असतील, तर तो वर्गच आहे, फक्त खडू-फळा नाही. मग समन्वयकाने आठवडाभर उत्तरं देणं थांबवावं आणि प्रश्न दुसऱ्या सहभागींकडे वळवावेत.